रेघेखालची दोन टिंबं

मिस्त्रींना स्वतःची सही येत नव्हती.

हसू नका. अंगठाछाप नव्हते ते. तांत्रिक शाळेतून चांगले पास झालेले, लिफ्टच्या वायरिंगचे नकाशे वर्तमानपत्रासारखे वाचणारे, परक्या देशात येऊन उभी हयात लिफ्टा दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. पण सही म्हटली की कागदावर घाईघाईने काहीतरी खरडायचे, आणि ते काहीतरी दर वेळी निराळं. सकाळची सही संध्याकाळच्या सहीला ओळख दाखवायची नाही. कंपनीत त्यावाचून कुणाचं अडलं नाही. लिफ्ट सुरळीत वरखाली झाली की सगळे खूश. रजिस्टरात मिस्त्रींनी काय गिरबटलंय ते बघायला वेळ कुणाला आहे?

घरात सह्या करायच्या त्या मिस्त्रीणबाई. हे काही कुणी बसून ठरवलं नव्हतं. एकाने भाजी आणायची, दुसऱ्याने निवडायची, तसं ते पडत गेलं. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही हवी आणि वडील कुठल्यातरी इमारतीच्या शाफ्टमध्ये लोंबकळतायत, मग बाईच करून टाकायच्या. पार्सल आलं, केली सही. शाळेच्या सहलीची परवानगी, केली सही. नाव मिस्त्रींचं आणि हात बाईंचा. सुरुवातीला एक ताठ उभी काठी, तिथून हात न उचलता सरसर पुढे गेलेली ओळ, शेवटी मागे फिरून खाली मारलेली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुठल्यातरी कचेरीत मोठा साहेब असणार. साहेब तिकडे ग्रीसने हात माखून बसलेले असायचे.

बँकेत खातं उघडलं तेही असंच. नव्या देशात उतरले तेव्हा नवराबायको कंपनीच्या गोदामावरच्या खोलीत राहत होती. कंपनी म्हणाली, पगार हातात मिळणार नाही, खातं उघडा. बँक म्हणाली, खातं उघडायचं तर राहत्या घराचा पुरावा आणा. घरं दाखवणारा म्हणाला, घर हवं तर पगार जमा होतो ते खातं दाखवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. मिस्त्री या दारातून त्या दारात फिरून रडकुंडीला आले. भाषा धड येत नाही, जेवणाची सुट्टी संपत आलेली, आणि जो तो नम्रपणे हसून दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. शेवटी तोड काढली बाईंनी.

"अहो, आपण राहतो कुणाच्या छपराखाली?"

"कंपनीच्या."

"मग कंपनीलाच लिहून द्यायला सांगा ना, की हा माणूस आमच्या छपराखाली राहतो म्हणून. त्यांचा शिक्का आहे, त्यांचं छप्पर आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालताय नुसता!"

कंपनीने दिलं लिहून. बँकेने कागदांचा गठ्ठा दिला, घरी भरून, सह्या करून आणा म्हणून. त्यात एक छोटं जाड कार्ड होतं, त्यावर सहीचा नमुना द्यायचा. मिस्त्री म्हणाले, "अगं, बँकेची सही तरी माझी मला करू दे."

"तुमची? तुम्ही केलीत तर बँकेला रोज नवा माणूस दिसेल. पहिल्याच महिन्यात हाकलून देतील," बाई म्हणाल्या, आणि काठी, ओळ, रेघ, दोन टिंबं असं करून मोकळ्या झाल्या. त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या खातेदाराच्या नावासाठी एक रकाना होता. त्या नावासाठी म्हणे वेगळा पुरावा लागत होता, आणि बाईंच्या नावाने तेव्हा त्या देशात विजेचं बिलसुद्धा येत नव्हतं. "राहू दे. घर एकच आहे ना," म्हणाल्या आणि रकान्यावर तिरपी रेघ मारली. मिस्त्रींनी तिकडे बघितलंही नाही. पुरुषांचं असं असतं. आपलं नाव नीट पडलं की कागद पूर्ण झाला असं वाटतं त्यांना.

पुढे सगळी वर्षं ते खातं बाईंनीच चालवलं. गावाकडे सासूसासऱ्यांना पैसे पाठवायचे झाले तर कुठला कागद, कुठला क्रमांक, मधली बँक किती कापते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. कागद भरून, सही करून मिस्त्रींच्या डब्याच्या पिशवीत ठेवायच्या आणि मिस्त्री कामावर जाता जाता बँकेच्या दारातल्या पेटीत टाकायचे. पोस्टमनचं काम. लेक शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, मिस्त्री निवृत्त झाले, तरी पेटी तीच आणि पोस्टमनही तोच.

आणि यंदा बाईंना झटका आला.

जीभ शाबूत राहिली, ही देवाची कृपा आणि मिस्त्रींची परीक्षा. पण उजवा हात गेला आणि उजवा पाय अर्धवट राहिला. डॉक्टर म्हणाले, पाय येईल, पण रोज सपाट जमिनीवर चालायला हवं, मोकळ्या हवेत, हळूहळू अंतर वाढवत. आता यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही! शहरभर माणसांना वर नेणाऱ्या आणि खाली आणणाऱ्या माणसाच्या घराला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दवाखान्यातून आणलं तेव्हा खुर्चीत बसवून दोघांनी उचलून वर चढवलं होतं. तेव्हापासून बाईंचा पाय उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत, एवढाच त्यांचा मुलूख.

खिडकीत बसून त्या गल्ली बघायच्या. "मला आता इथली सगळी माणसं टकलावरून ओळखू येतात," एकदा म्हणाल्या. "तो बघा, मागच्या बाजूने विरळ झालेला, तो रोज ब्रेड घेऊन जातो. ती भांग तिरपा पाडणारी आज उशिरा निघाली. चेहरे कसे असतील कुणास ठाऊक." मिस्त्री हसले खरे, पण स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभे राहिले.

आणि तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. पुढे दोन पायऱ्या, त्याही बुटक्या, की लगेच फुटपाथ. घरमालक भला माणूस, पण मालकच तो. म्हणाला, "तुमच्यासाठी थांबतो, पण शुक्रवारपर्यंत. अनामत भरली नाही तर दुसरं कुटुंब तयार आहे. मग मला बोल लावू नका." अनामतीएवढे पैसे होते, पण मुदत ठेवीत. ठेव मोडायची तर खातेदाराने स्वतः बँकेत येऊन सही करायची. पेटीत टाकून भागणार नव्हतं.

"एवढंच ना?" मिस्त्री म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले.

काउंटरवरची मुलगी लेकीपेक्षाही लहान असेल. तिने कागद पुढे सरकवला, मिस्त्रींनी सही केली, मुलीने कागदाकडे बघितलं, संगणकाच्या पडद्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"पुन्हा एकदा करता का?"

मिस्त्रींनी पुन्हा केली. त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं की या बँकेत आपण आजवर एकदाही सही केलेली नाही. काठी आठवली, ती उभी मारली. पुढे काय होतं? पुढे काहीतरी सरसर जायचं. ते गेलं, पण भलतीकडेच गेलं. मुलीने तिसरा कागद दिला. तिसरी सही पहिल्या दोघींची कुणीच लागत नव्हती.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," मुलगी हळू आवाजात म्हणाली. ती तिच्या भाषेत जे म्हणाली त्याचा मिस्त्रींच्या कानाने 'काका'च केला. "पण या तीन सह्या मला तीन माणसांच्या वाटतायत. आणि आमच्याकडे आहे ती चौथ्याची. मला खातं तात्पुरतं थांबवावं लागेल. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"माझ्यापासून माझी सुरक्षितता?"

मुलीला हसू आलं, पण नियम तो नियम. गुरुवारी मॅनेजरला भेटा, पासपोर्ट घेऊन या, म्हणाली.

घरी येताना मिस्त्री प्रत्येक मजल्यावर थांबले. दमले म्हणून नव्हे, तोंड कसं दाखवायचं म्हणून. खोली हातची जाणार, आणि कशापायी, तर स्वतःचं नाव स्वतःला लिहिता येत नाही म्हणून. कुणाला सांगायची सोय नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग हसायला लागल्या. झटका आल्यापासून पहिल्यांदाच अशा हसल्या, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चौथ्याची म्हणाली? चौथा मीच की हो!"

"हसतेस काय? शुक्रवारी खोली गेली तर इथेच बसशील टकलं मोजत!"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाईंचं हसू थांबलं. त्या खिडकीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "जाऊ द्यायची नाही खोली. ते मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढा. मागची बाजू कोरी आहे. पेन आणा आणि बसा इथे."

आणि साठी उलटलेल्या माणसाची शाळा सुरू झाली.

"काठी ताठ मारा. अशी विचारून विचारून काय मारताय? ती काय तुम्हाला चावणार आहे?"

"ही बघ, झाली ताठ."

"आता हात उचलायचा नाही. उचललात! अहो, स्क्रू पिळायचा नाहीये, पेन आहे ते. सैल धरा. तिथे पोट यायला हवं."

"कुठे?"

"तिसऱ्या अक्षराला. तुमच्याच नावातलं अक्षर आहे, मी सांगू का कुठलं?"

"पेनच बरोबर नाही हे."

"नाचता येईना अंगण वाकडं."

दुपारभर जानेवारीचं पान भरलं, मग फेब्रुवारीचं. बाईंना मधूनच राहवायचं नाही, त्या डाव्या हाताने पेन हिसकावून दाखवायला जायच्या आणि पेन भलतीकडे घसरायचं. मग गप्प होऊन परत द्यायच्या. अशा वेळी मिस्त्री मान वर करायचे नाहीत. खाली बघून काठ्या मारत राहायचे.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "काय चाललंय बाबा?"

"तुझी आई मला सही शिकवतेय."

"कुणाची?"

"माझी."

सगळं कळल्यावर लेक हसली नाही. ती हिशेबतपासनीसांच्या कचेरीत काम करत होती, तिला या गोष्टींची धास्ती. "बाबा, नीट ऐका. इतकी वर्षं दुसऱ्याने सही केली हे बँकेला कळलं तर ते आईवर येईल. तुमच्यावर नाही, आईवर. तिथे जाऊन राजा हरिश्चंद्र होऊ नका. सही करायची, पैसे घ्यायचे, बाहेर पडायचं. तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडत."

"आईची शपथ?"

"अगं, बँकेत चाललोय मी, लढाईवर नाही," मिस्त्री म्हणाले. पण पाचावर धारण बसलेली होतीच.

बुधवारी दुपारी, मार्च संपून एप्रिल सुरू झाल्यावर, सही जमायला लागली. काठी, ओळ, पोट, रेघ. मिस्त्रींनी टिंबं दिली आणि विचारलं, "एक सांग. ही टिंबं कशाला लागतात? रेघ मारली, संपलं की."

बाईंनी कॅलेंडर जवळ ओढून टिंबांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या सहीत होती. तुमच्या प्रत्येक गोष्टीत तुमच्याच घरचं सगळं. मी म्हटलं, एवढं तरी माझ्या माहेरचं असू दे. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

आलं नव्हतंच कुणाच्या लक्षात. निदान नवऱ्याच्या तरी नव्हतंच. मिस्त्रींना एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत आपल्या नावाखाली सासऱ्यांची टिंबं आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी पुढची सही केली आणि टिंबं जरा जपून दिली.

गुरुवारी मॅनेजरबाईंच्या खोलीत बसले. त्या मिस्त्रींच्याच वयाच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, टेबलावर एक कुंडी आणि कागदांची नीट चळत. पासपोर्ट बघितला, फोटो बघितला, मिस्त्रींकडे बघितलं आणि कोरा कागद पुढे केला. मिस्त्रींनी श्वास घेतला. कानात आवाज आला, विचारून विचारून काय मारताय? काठी मारली, हात उचलला नाही, पोट आलं, रेघ आली, टिंबं आली. अगदी तश्शी!

मॅनेजरबाईंनी चष्मा लावला, पडद्याशी ताडून पाहिली. "पुन्हा," म्हणाल्या. पुन्हा तशीच. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"जुळते. त्या दिवशी तुमचा हात थरथरत असणार. होतं असं." मग जुने कागद पडद्यावर सरकवत सहज म्हणाल्या, "खरं सांगू? इतकी वर्षं इतकी एकसारखी सही मी फार कमी गिऱ्हाइकांची पाहिली आहे. पहिल्या दिवसापासून एका ओळीत. हिशेबही असाच नीट. तुम्ही फार काटेकोर माणूस आहात."

काम फत्ते झालं होतं. मिस्त्रींनी उठायचं, आभार मानायचे आणि घर गाठायचं, बस. लेकीने तेच बजावलं होतं. पण ते शब्द त्यांच्या घशाखाली उतरेनात. एकसारखी सही, नीट हिशेब, काटेकोर माणूस. ज्या बाईचं हे कौतुक होतं ती खिडकीत बसून टकलं मोजत होती, आणि कौतुक तिचा पोस्टमन खिशात घालत होता.

"शेवटचं एक," मॅनेजरबाई म्हणाल्या. "या खात्यावर तुमच्या एकट्याचंच नाव आहे. तुमच्यामागे व्यवहार कोण बघणार? दुसऱ्या नावाच्या रकान्यावर रेघ मारलेली आहे."

ती तिरपी रेघ मिस्त्रींनी पडद्यावर आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिली. ती रेघसुद्धा बाईंच्याच हातची होती. स्वतःच्याच नावावर स्वतःच्याच हाताने मारलेली, आणि आपण शेजारी बसून चहा पीत होतो. मिस्त्रींना आतून गलबलून आलं. शपथ राहिली बाजूला, त्यांचं तोंड उघडलं.

"बाई, ही सही माझी नाही."

मॅनेजरबाईंनी चष्मा काढला.

मिस्त्रींची तिथली भाषा म्हणजे नटबोल्टांची भाषा, लहान लहान तुकडे, पण घट्ट बसणारे. "सही बायकोची. नाव माझं, हात तिचा. पहिल्या दिवसापासून. मला सही येत नाही. हिशेब तिचा. मी फक्त पेटीत टाकायचो. आता तिचा हात गेला. म्हणून मी शिकलो. तीन दिवस. तिनेच शिकवली." एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, जणू आता बेड्याच पडणार आहेत. "गुन्हा असेल तर माझा. तिच्यावर काही लिहू नका."

बाहेर काउंटरवर कुणीतरी शिक्के मारत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मिस्त्रींच्या मनात तळमजल्याचं दार उघडत होतं आणि मिटत होतं. केली का माती सगळ्याची? शुक्रवार उद्यावर आला आणि आपल्याला आज खरं बोलायची हुक्की आली.

"या सगळ्या वर्षांत," मॅनेजरबाईंनी विचारलं, "या खात्यातून तुम्हाला नको होतं तिथे कधी काही गेलं?"

"नाही. माझ्या आईवडिलांकडे गेलं, लेकीच्या शाळेत गेलं, घरभाड्यात गेलं." मग म्हणाले, "तिला हवं होतं तिथे मात्र कधी गेलं नाही. तिने कधी मागितलंच नाही."

"म्हणजे तुमची काही तक्रार आहे?"

"माझी? तिच्याबद्दल?" मिस्त्री दचकले. "छे, छे!"

"खातं तुमचं, तक्रार तुमची नाही. मग मी लिहू काय?" मॅनेजरबाईंनी खण उघडला. "वयाप्रमाणे माणसांच्या सह्या बदलतात. त्यासाठी आमच्याकडे अर्ज असतो. आज तुम्ही स्वतः, पासपोर्ट घेऊन, माझ्यासमोर बसला आहात. या कार्डावर सही करा. आजपासून तीच तुमची. जुनी रद्द. ठेव मोडायचा कागद त्याच सहीने करू, पैसे आजच सुटतील."

मिस्त्रींना रडू आवरलं, ते केवळ समोर परकी बाई होती म्हणून.

कोरं जाड कार्ड समोर आलं. आता हवी तशी सही करा, मोकळं रान होतं. पण मिस्त्रींची अशी वेगळी सही होती कुठे? पेन टेकलं आणि हाताने काठीच मारली. मग ओळ, मग पोट, मग रेघ. तिथे पेन थांबलं. मिस्त्रींनी पेनाला टोपण लावलं.

"आणि ती टिंबं?" मॅनेजरबाईंचं लक्ष होतंच.

"ती माझी नाहीत," मिस्त्री म्हणाले. "आणि बाई, तो रकाना. तिथे तिचं नाव घालायचं आहे."

"त्यासाठी त्यांना स्वतःला इथे यावं लागेल. सही समोर लागते."

"येईल ना. एकदा खाली आली की येईल."

खोली मिळाली. शेजाऱ्यांनी सामान उतरवलं, बाई खुर्चीतून शेवटच्या खाली आल्या आणि खुर्ची परत वर गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून चालणं सुरू झालं. आधी दारापुरतं, मग शेजारच्या फाटकापर्यंत, मग ब्रेडच्या दुकानापर्यंत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पाय लुळा होता, हुकूम ताठ होते. "दंड धरू नका, सोबत चाला. मी काय फरशी आहे का उचलून न्यायला?" बँकेत काय काय घडलं ते मिस्त्रींनी सांगितलं होतं. लेकीच्या शिव्याही दोघांनी मिळून खाल्ल्या होत्या. टिंबांचं तेवढं त्यांनी सांगितलं नव्हतं.

पानं गळायला लागली तेव्हा एके दिवशी बाई म्हणाल्या, "आज जाऊ या बँकेत."

डाव्या हातात काठी, उजव्या बाजूला मिस्त्री, अशा निघाल्या. गल्लीतल्या माणसांकडे टक लावून बघत होत्या. "अगोबाई, हा तो विरळ झालेला? समोरून बराच बरा आहे की! आणि ती भांगवाली केवढी तरुण आहे हो, मी तिला चाळिशीची धरून चालले होते." ज्याला त्याला हसून मान हलवत होत्या. ती माणसं गोंधळून, पण हसून मान हलवत होती. मध्ये दोनदा बाकावर बसल्या. बँकेच्या दारातली ती पेटी बघितली तेव्हा तिच्यावर काठी हळूच आपटली. "ही होय ती. मला वाटलं होतं, मोठी असेल."

काउंटरवर तीच मुलगी होती. तिने बाईंना आत खुर्ची दिली, पुरावे बघितले. आता विजेचं बिल बाईंच्या नावाने येत होतं, मिस्त्रींनीच मुद्दाम करून घेतलं होतं. मग मुलीने कोरं कार्ड पुढे ठेवलं. "इथे सही करा."

बाईंनी डाव्या हातात पेन घेतलं. कार्डावर टेकवलं आणि तशाच राहिल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "माझी सही कशी असते हो?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. आयुष्यभर घरात तिने सह्या केल्या, पण त्यांच्या नावाच्या. पासपोर्टावर कधीकाळी एकदा केली असेल, ती कुणाच्या लक्षात राहते, आणि ती उजव्या हाताची, तो हातच आता नाही. दुसऱ्याची सही इतकी झोकात करणारी बाई स्वतःच्या नावाशी येऊन अडली होती.

"काही घाई नाही, आजी," मुलगी म्हणाली. "आज कराल ती तुमची."

बाईंनी नाव लिहायला घेतलं. एकेक अक्षर सुटं, एखादं लहान, एखादं मोठं, ओळ खाली उतरत चाललेली. कपाळावर घाम आला. मिस्त्रींनी हात पुढे केला नाही, पण त्यांची स्वतःची बोटं मांडीवर हलत होती. शेवटचं अक्षर संपलं तेव्हा जागाही संपत आली होती. बाईंनी खाली रेघ मारली, ती बरीच डुगडुगली. मग पेन जरा उचललं, आणि रेघेखाली नेमकी, न हलता, दोन टिंबं दिली.

"छान," मुलगी म्हणाली. "ही टिंबं सहीतलीच ना? पुढच्या वेळी लागतील."

"सहीतलीच," बाई म्हणाल्या.

मुलीने दोन्ही सह्या पडद्यावर घेतल्या आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. वर मिस्त्रींची, खाली बाईंची. रकान्यात आता रेघ नव्हती. बाई वाकून बघत राहिल्या.

"अहो, तुमची टिंबं कुठे गेली?"

"माझी कुठली? तुझी होती ती," मिस्त्री म्हणाले. "तुझ्यासाठी ठेवली."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, डावा हात पेनात गुंतलेला होता. मग नाक ओढून म्हणाल्या, "काठी अजून वाकडीच मारताय तुम्ही. घरी गेल्यावर कॅलेंडर काढा."